वाचकांचे प्रश्न : ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’मध्ये गटाने उतरताना

डिसेंबर जवळ आला की ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ या प्रोग्रॅमिंगच्या कोड्यांच्या स्पर्धेबद्दल पत्रं येऊ लागतात. या वेळी आम्ही मुद्दाम अशी पत्रं निवडली आहेत, ज्यांत वाचकांना घरच्यांबरोबर, वर्गाबरोबर किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यांबरोबर उतरायचं आहे. ही स्पर्धा ओळखीच्या पाच-दहा माणसांत जितकी रंगते तितकी एकट्याने रंगत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी-नववीची मुलं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतात. ही स्पर्धा नेमकी काय असते, फी किती आणि शाळेचा संघ म्हणून नाव देता येतं का? — संगणक शिक्षिका, सातारा

एरिक वास्टल या अमेरिकन प्रोग्रॅमरने २०१५ साली ही स्पर्धा सुरू केली. १ डिसेंबरपासून रोज एक कोडं उघडतं. प्रत्येक कोड्याचे दोन भाग असतात. पहिला सुटला की एक तारा मिळतो आणि मगच दुसरा भाग दिसतो. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत दरवर्षी २५ कोडी होती. २०२५ मध्ये ती १२ झाली. म्हणजे २०२५ अखेर एकूण ५२४ तारे, आणि ही सगळी जुनी कोडी आजही खुली आहेत. फी नाही.

संघाची नोंदणी नसते, खातं प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. गट करायचा तर ‘प्रायव्हेट लीडरबोर्ड’, म्हणजे फक्त आपल्या गटाचा गुणतक्ता, बनवायचा. एक जण तो तयार करतो, त्याला एक कोड मिळतो, बाकीचे तो कोड टाकून आत येतात. एका बोर्डावर २०० जणांपर्यंत जागा असते.

संकेतस्थळ तुमचा प्रोग्रॅम तपासत नाही. ते तुम्हाला माहितीची एक फाईल देतं आणि तिच्यावरून काढलेलं उत्तर, बहुधा एक संख्या, मागतं. ही फाईल खात्यागणिक वेगळी असते. शिक्षकांना याचा मोठा फायदा होतो. वर्गात पंधरा खाती असतील तर शेजाऱ्याचं उत्तर टिपून काही साधत नाही, त्याची रीत मात्र समजून घेता येते. आणि आम्हाला वाटतं, वर्गात हेच घडायला हवं.

प्रवेश गूगल, गिटहब (प्रोग्रॅम ठेवण्याचं संकेतस्थळ), रेडिट अशा खात्यांवरून होतो. गिटहबला किमान १३ वर्षांची अट आहे. लहान मुलांसाठी शिक्षिकेचं एकच खातं उघडून प्रोजेक्टरवर सोडवणं सोपं पडतं. सेटिंग्जमध्ये जाऊन नाव ‘अनामिक’ ठेवता येतं. मुलांच्या बाबतीत ते आवर्जून करा.

कोड्याचा मजकूर इंग्रजीत असतो आणि लांब असतो, कारण त्यात सांताच्या मदतनीस एल्फची गोष्ट गुंफलेली असते. मराठी माध्यमाच्या मुलांना आधी मधलं उदाहरण दाखवा, मग ठळक केलेली वाक्यं, आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. मजकूर छापून वाटू नका. तो पुन्हा प्रसिद्ध करू नये अशी आयोजकांची विनंती आहे. पडद्यावर उघडून तोंडी मराठीत समजावलं की काम होतं. सुरुवात २०१५च्या पहिल्या दिवसापासून करा. उघडणारा कंस म्हणजे एक मजला वर, मिटणारा कंस म्हणजे एक मजला खाली, शेवटी कितव्या मजल्यावर पोचलो, एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्या भागात तळघरात पहिल्यांदा केव्हा पोचलो ते विचारलंय, आणि मोजणी शून्यापासून की एकपासून हा वाद वर्गात लगेच सुरू होतो. तो होऊ द्या.

प्रश्न : आम्ही नऊ चुलत-मावस भावंडं पुणे, दुबई आणि न्यू जर्सीत विखुरलेली आहोत. गेल्या वर्षी एक बोर्ड केला, पण गुणांवरून रुसवेफुगवे झाले. न्याय्य पद्धत कोणती? — पुणे

रुसवे होणं साहजिक आहे, कारण त्या बोर्डाची मूळ गुणपद्धत जगभर पांगलेल्या कुटुंबासाठी नाही. कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री उघडतं. म्हणजे न्यू जर्सीत रात्रीचे १२, दुबईत सकाळचे ९, पुण्यात साडेदहा. न्यू जर्सीची बहीण जागी राहिली तर पहिल्या मिनिटाला हजर, पुण्यातला भाऊ तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये.

बोर्डाचे गुण असे पडतात : गटात नऊ जण असतील तर एखादा तारा सगळ्यात आधी मिळवणाऱ्याला ९, दुसऱ्याला ८, असं करत शेवटच्याला १. हे प्रत्येक ताऱ्यासाठी वेगळं. किती वेळ लागला याला किंमत नाही, फक्त कोण आधी. आणखी एक गोम आहे. पाच तारखेला दहावं भावंड गटात आलं की सगळ्या जुन्या ताऱ्यांचे गुणही दहापासून पुन्हा मोजले जातात आणि आदल्या दिवशीची क्रमवारी उलटू शकते. गट १ तारखेच्या आतच पक्का करा.

आम्ही सुचवू ते असं. बोर्डाच्या पानावरच क्रमवारी गुणांऐवजी ताऱ्यांवर लावण्याची सोय आहे, ती वापरा. मग रात्री अकराला सोडवलेलं कोडं सकाळी सोडवलेल्या कोड्याइतकंच मोलाचं ठरतं. वेगाची हौस असेल तर ती शनिवार-रविवारपुरती ठेवा आणि सर्वांनी एकाच क्षणी कोडं उघडायचं ठरवा. भारतात रात्री ८ म्हणजे दुबईत साडेसहा आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. डिसेंबरात तिन्हीकडे हे जमण्यासारखं आहे. व्हिडिओ कॉल सुरू ठेवून, आवाज बंद करून सोडवा. तासाभराने आवाज सुरू करा आणि ज्याला जमलं त्याने पडदा दाखवून आपली रीत सांगावी.

गप्पांसाठी व्हॉट्सॲपवर दोन गट लागतात. एक सगळ्यांचा, तिथे फक्त ‘दिवस ४, दोन्ही तारे’ इतकंच लिहायचं. दुसरा ‘सुटल्यानंतर’चा, त्या दिवसाचे तारे मिळाल्यावरच तिथल्या त्या दिवसाच्या गप्पा उघडायच्या. एखाद्याने पहिल्या गटात ‘अरे, हे तर लसावि काढायचं आहे’ असं लिहिलं की बाकी आठ जणांचा दिवस वाया गेला.

प्रश्न : कोड्यात दिलेल्या उदाहरणाचं उत्तर माझ्या प्रोग्रॅमने बरोबर येतं, पण माझ्या फाईलचं उत्तर चूक ठरतं. असं तीन वेळा झालं. कुठे शोधायचं? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

या स्पर्धेतली सर्वांत सामान्य अडचण हीच. शोधण्याचा क्रम ठरलेला ठेवला तर बहुतेकदा पाव तासात उलगडा होतो.

आधी संकेतस्थळाचा निरोप नीट वाचा. उत्तर फार मोठं किंवा फार लहान आहे असं ते कित्येकदा सांगतं. कधी ते सांगतं की हे उत्तर दुसऱ्या कुणासाठी बरोबर आहे. तसं दिसलं तर बहुधा फाईल एका खात्याची आणि उत्तर दुसऱ्या खात्यातून, असा घोळ असतो. एकाच संगणकावर दोघं भावंडं सोडवत असतील, किंवा तुम्ही एकदा गूगलने आणि एकदा गिटहबने आत आला असाल, तर ही दोन वेगळी खाती आहेत. चुकीच्या उत्तरानंतर एक मिनिट थांबावं लागतं आणि चुका वाढल्या की हा वेळही वाढतो, म्हणून अंदाजाने संख्या टाकत बसू नका.

मग फाईल. ब्राउझरमधून निवडून चिकटवताना शेवटच्या ओळी सुटतात. पान ‘सेव्ह ॲज’ करून उतरवा आणि ओळी मोजा. फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ येते. ती आकड्यात बदलायला गेलात तर प्रोग्रॅम कोसळतो, आणि न कोसळता तिला शून्य धरलंत तर जास्त वाईट. पायथनमध्ये सवयीने सगळीकडे ‘स्ट्रिप’ (ओळीच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा कापणारी आज्ञा) लावणारे २०२२च्या पाचव्या दिवशी अडकतात. तिथे खोक्यांच्या रचलेल्या उतरंडींचं चित्र आहे आणि ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा हीच माहिती आहे. त्या कापल्या की पहिल्या रांगेतलं खोकं दुसऱ्याच उतरंडीवर जातं. तिथे फक्त ओळीच्या शेवटचं नवओळ चिन्ह काढा. काही एडिटर सेव्ह करताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा आपोआप पुसतात. डेटा फाईलसाठी ती सोय बंद ठेवा.

फाईल ठीक असेल तर उदाहरणात नसलेली आणि तुमच्या फाईलमध्ये असलेली गोष्ट शोधा. उदाहरणात सगळे एकअंकी आकडे आणि फाईलमध्ये दोनअंकी, उदाहरणात ऋण संख्या नाहीत आणि फाईलमध्ये आहेत, उदाहरणात एकही आकडा दोनदा येत नाही आणि फाईलमध्ये येतो. २०२३च्या पहिल्या दिवसाचा दुसरा भाग याचा नमुना आहे. ओळीतला पहिला आणि शेवटचा अंक शोधायचा, पण अंक इंग्रजी शब्दांतही लिहिलेले. ‘वन’ शब्दाचं शेवटचं अक्षर आणि ‘एट’चं पहिलं अक्षर दोन्ही ई, आणि फाईलमध्ये हे दोन शब्द एकाच ई-वर जोडलेले सापडतात. आधी ‘वन’च्या जागी १ टाकलात की ‘एट’ मोडला आणि शेवटचा अंक चुकला. शब्द बदलायचेच नाहीत; प्रत्येक स्थानावर उभं राहून ‘इथून कुठला अंक सुरू होतो का’ एवढंच तपासायचं.

चौकटीच्या नकाशांवर पायथनमध्ये एक खास सापळा आहे. शून्याव्या रांगेच्या वर गेलात की रांग उणे एक होते आणि पायथन तक्रार न करता सगळ्यात खालची रांग हाती देतो. उदाहरणात कडेला भिंत असली तर हे लक्षात येत नाही. कडेची तपासणी चारही बाजूंनी स्वतः लिहा, किंवा नकाशा याद्यांच्या यादीऐवजी डिक्शनरीत (जागा आणि तिथली किंमत अशा जोड्यांत) ठेवा, म्हणजे नसलेली जागा नसलेलीच राहते. आडवा आणि उभा अक्ष उलटापालटा झालाय का, हे चौरस नकाशावर सहजी कळत नाही. तीन रांगा आणि पाच रकाने असलेला नकाशा हाताने बनवून त्यावर चालवा.

सी++ किंवा जावात साधा ‘इंट’ (पूर्णांकाचा प्रकार) २१४७४८३६४७ च्या पुढे गेला की ऋण होतो. या स्पर्धेत दुसऱ्या भागाची उत्तरं त्यापलीकडे नेहमी जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून सी++त ‘लाँग लाँग’ आणि जावात ‘लाँग’ धरा.

फक्त दुसऱ्या भागाचंच उत्तर चुकत असेल तर पहिल्या भागाने यादी बदलून ठेवली आहे का ते पाहा. याद्यांच्या यादीची साधी नक्कल केली तर आतल्या याद्या दोघांत सामाईक राहतात. दोन्ही भागांसाठी फाईल नव्याने वाचली की शंका मिटते. वेळ जातो तो मिलिसेकंदांत.

प्रश्न : पहिला भाग क्षणात येतो, दुसरा भाग रात्रभर चालू ठेवला तरी संपत नाही. जास्त चांगला संगणक घ्यावा का? — नाशिक

नको. आयोजकांनी स्वतःच सांगितलं आहे की प्रत्येक कोड्याची अशी एक रीत असते, जी दहा वर्षं जुन्या संगणकावरही फार तर १५ सेकंदांत संपते. मिनिटभर थांबूनही उत्तर आलं नाही तर प्रोग्रॅम बंद करा आणि कागद घ्या.

२०२१चा सहावा दिवस यासाठी अभ्यासावा. माशांच्या थव्यात प्रत्येक माशाजवळ एक घड्याळ असतं, रोज एकाने उतरतं. शून्यावर असलेला मासा दुसऱ्या दिवशी ६वर जातो आणि ८ घड्याळ असलेला एक नवा मासा जन्माला घालतो. उदाहरणात सुरुवातीला पाच मासे आहेत : ३, ४, ३, १, २. पहिला भाग विचारतो, ८० दिवसांनी किती? उत्तर ५९३४. इथपर्यंत प्रत्येक मासा यादीत ठेवून चालतं. दुसरा भाग २५६ दिवस विचारतो आणि त्याच पाच माशांचे होतात २६९८४४५७५३९. प्रत्येक माशाला एकच बाइट दिला तरी ही यादी सुमारे २७ गिगाबाइटची होते. संगणक महाग घेतला तरी पुढच्या शंभर दिवसांत तोही हरेल.

आता विचार करा : ३ घड्याळ असलेले दोन मासे एकमेकांपेक्षा वेगळे वागतात का? नाही. मग मासे कशाला ठेवायचे, प्रत्येक घड्याळाचे किती मासे ते ठेवा. ० ते ८ असे नऊ खण. उदाहरणासाठी खण १ मध्ये १, खण २ मध्ये १, खण ३ मध्ये २, खण ४ मध्ये १. रोज करायचं एवढंच : शून्याच्या खणातली संख्या बाजूला काढा, बाकी सगळे खण एकेक खाली सरकवा, बाजूला काढलेली संख्या खण ६ मध्ये मिळवा आणि खण ८ मध्ये ठेवा. खण ६ मध्ये मिळवायची आहे, भरायची नाही. तिथे खण ७ मधून सरकून आलेले मासे आधीच असतात, आणि चूक नेमकी तिथेच होते. दोन दिवसांनी एकूण ६ मासे आणि १८ दिवसांनी २६ आले की रीत बरोबर आहे. २५६ दिवसांसाठी सगळं मिळून काही हजार बेरजा पुरतात.

हाच विचार २०२४च्या अकराव्या दिवशी लागतो. तिथे दगडांवर आकडे कोरलेले आहेत आणि डोळे मिटून उघडले की दगड बदलतात, काहींचे दोन होतात. २५ वेळा, मग ७५ वेळा. कोडं सांगतं की दगडांचा क्रम कायम राहतो. पण प्रश्न संख्येचा आहे, क्रमाचा नाही. ते वाक्य बाजूला ठेवून ‘कुठला आकडा किती दगडांवर’ एवढं मोजा.

मोठ्या आकड्यांपुढे आणखी दोन वाटा पुन्हा पुन्हा कामी येतात. एक, चक्र शोधणं. २०२२च्या सतराव्या दिवशी एक लाख कोटी, म्हणजे एकावर बारा शून्यं, इतके खडक पडतात आणि एका यादीप्रमाणे वारा त्यांना आडवे ढकलत असतो. सगळे टाकायचे नाहीत. स्थिती पुन्हा तीच आली की मधल्या फेऱ्या गुणाकाराने उडवायच्या. ‘स्थिती’ म्हणजे काय ते मात्र पूर्ण धरा : कितवा खडक, वाऱ्याच्या यादीतलं कितवं स्थान आणि वरच्या थराचा आकार. यातलं एक विसरलात तर खोटं चक्र सापडतं.

दुसरी वाट, आकडा फुगू न देणं. २०२२च्या अकराव्या दिवशी माकडं वस्तू फेकतात आणि १०००० फेऱ्यांत आकडे प्रचंड होतात. पायथन मोठ्या संख्या सांभाळतो म्हणून चूक दिसत नाही, फक्त वेग मरतो. प्रत्येक माकड एका ठरावीक संख्येने भाग जातो का एवढंच बघतं. उदाहरणात त्या संख्या २३, १९, १३ आणि १७ आहेत. त्यांचा गुणाकार ९६५७७. प्रत्येक पायरीनंतर ९६५७७ ने भागून बाकी ठेवा. चारही भागाकारांचा निकाल तोच राहतो, कारण ९६५७७ ला या चारही संख्यांनी भाग जातो.

प्रश्न : मी बँकेत आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही, पण एक्सेलवर हात बसलेला आहे. मुलीबरोबर भाग घेता येईल का? — अकोला

येईल, आणि तिच्या उत्तराचा ताळा घ्यायला तुमच्यासारखा जोडीदार तिला मिळणार नाही. २०२४चा पहिला दिवस घ्या. संख्यांचे दोन रकाने आहेत. दोन्ही चढत्या क्रमाने लावायचे, समोरासमोरच्या संख्यांतला फरक काढायचा, फरकांची बेरीज.

फाईलमधल्या १००० ओळी चिकटवा. दोन संख्यांमध्ये तीन मोकळ्या जागा आहेत, म्हणून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये विभाजक म्हणून स्पेस निवडा आणि लागोपाठचे विभाजक एकच धरण्याच्या खुणेवर टिक करा, नाहीतर मधे रिकामे रकाने येतात. मग ‘अ’ रकाना एकटा निवडून क्रम लावा. शेजारचा रकानाही बरोबर हलवायचा का असं एक्सेल विचारतं, तिथे फक्त निवडलेल्यालाच लावा. ‘ब’ रकान्याचंही तसंच. इथे चुकून दोन्ही एकत्र हलवले तर उत्तर येतं, पण चूक. तिसऱ्या रकान्यात ‘एबीएस’ (उणे चिन्ह काढणारं सूत्र) लावून फरक, खाली बेरीज. कोड्यातल्या सहा ओळींच्या उदाहरणाला ११ आलं पाहिजे.

दुसऱ्या भागात डावीकडची प्रत्येक संख्या उजवीकडे जितक्या वेळा येते तितक्याने तिला गुणून बेरीज करायची. ‘काउंटइफ’ लावा, श्रेणी डॉलरच्या खुणांनी पक्की करा, नाहीतर सूत्र खाली ओढताना तीही घसरते. उदाहरणाचं उत्तर ३१. मुलीने तेच पायथनमध्ये करावं आणि दोघांचे आकडे जुळतात का पाहावं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर एक्सेल अपुरं पडू लागतं. तोवर तिच्याकडून लूप शिकून घ्या.

प्रश्न : आमच्या गटात दोघं जण कोडं सरळ एआयला देतात आणि दोन मिनिटांत तारे मिळवतात. बाकीचे नाराज आहेत. नियम काय? — ठाणे

कोडी सोडवायला एआय वापरू नये अशी आयोजकांची स्पष्ट भूमिका आहे. जगभरातल्या सर्वांत वेगवान शंभर जणांची जी यादी पूर्वी असायची, ती २०२५ पासून काढूनच टाकली. तिच्यापायी लोक नको तितके ईर्षेला पेटत होते, संकेतस्थळावर हल्ले होत होते आणि यादीतले वेळ पाहून नवखे स्वतःला कमी लेखत होते. आता वेगाने येणाऱ्याला मिरवायला तुमचाच छोटा बोर्ड उरलाय, म्हणून भांडणही तिथेच येतं.

आमचा सल्ला सरळ आहे : तारा मिळेपर्यंत एआय बंद. त्या दोघांना बाहेर काढू नका, त्यांच्याशी बोला आणि नियम गटाच्या वर्णनात लिहून ठेवा, कारण ‘थोडीशी मदत’ म्हणजे किती यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं. भाषेचे दस्तऐवज वाचणं, ‘डिक्शनरी किमतीनुसार कशी लावायची’ असं शोधणं चालेल. कोड्याचा मजकूर कुठेही चिकटवणं चालणार नाही. तारा मिळाल्यावर मात्र स्वतःचा प्रोग्रॅम एआयपुढे ठेवून आणखी आटोपशीर रीत विचारा. त्यातून खूप शिकायला मिळतं.

एडिटरमधली आपोआप सुचवणारी सोय बंद करायला विसरू नका. जुन्या वर्षांची उत्तरं इंटरनेटवर भरपूर आहेत. नुसतं फंक्शनचं नाव टाकलं तरी ती सोय सबंध उत्तर समोर मांडते आणि न मागता कोडं फुटतं.

प्रश्न : माझे प्रोग्रॅम गिटहबवर ठेवू का? नोकरीसाठी दाखवता येतील. — छत्रपती संभाजीनगर

प्रोग्रॅम ठेवा. कोड्याचा मजकूर आणि तुमची डेटा फाईल ठेवू नका. दोन्ही पुन्हा प्रसिद्ध करू नयेत अशी आयोजकांची विनंती आहे. सगळ्या डेटा फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याचं नाव पहिल्या कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी ‘गिटइग्नोअर’ या वगळायच्या फाईलींच्या यादीत लिहा. एकदा कमिट झालेली फाईल नंतर पुसली तरी इतिहासात राहते. तसं झालं असेल तर इतिहास दुरुस्त करत बसण्यापेक्षा फक्त प्रोग्रॅम घेऊन नवी रेपॉझिटरी (प्रोग्रॅमचा संग्रह) उघडणं सोपं.

प्रश्न : ऑफिसातल्या आमच्या बोर्डाचे रोजचे निकाल गटात आपोआप यावेत असं करायचं आहे. कसं? — पुणे

बोर्डाच्या पानावर जेसन स्वरूपाचा (प्रोग्रॅमला वाचता येईल अशा मांडणीचा) दुवा मिळतो. त्यात प्रत्येकाने कुठला तारा केव्हा मिळवला ते सेकंदांत असतं, १ जानेवारी १९७० पासून ग्रिनिच वेळेप्रमाणे मोजलेलं. भारतीय वेळेसाठी त्यात १९८०० मिळवा. हा दुवा पंधरा मिनिटांतून एकदाच उघडावा अशी विनंती त्यांनी केली आहे. ती पाळा, तुमच्या कामाला दिवसातून दोनदाही पुरतं. प्रोग्रॅमच्या ‘युजर एजंट’मध्ये (संकेतस्थळाला दिसणाऱ्या ओळखीच्या ओळीत) तुमचा संपर्क लिहा, म्हणजे काही बिघडलं तर त्यांना कळवता येईल.

दुवा उघडायला ‘सेशन’ नावाची कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण, लागते. ती ब्राउझरच्या डेव्हलपर खिडकीत ‘ॲप्लिकेशन’खाली दिसते. ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावाने उत्तरं देऊ शकतो, म्हणून ती प्रोग्रॅममध्ये लिहू नका. वेगळ्या फाईलमध्ये किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमबाहेर साठवलेल्या किमतीत) ठेवा. कुकीची मुदत संपली की जेसनऐवजी साधं वेबपान येतं आणि प्रोग्रॅम विचित्र चूक दाखवतो. आलेला मजकूर महिरपी कंसाने सुरू होतो का, एवढं आधी तपासा.

या माहितीतून एक छान आकडा निघतो : दोन ताऱ्यांमधला वेळ. कोडं कुणी केव्हा उघडलं ते त्यात नसतं, पण पहिल्या ताऱ्यानंतर दुसऱ्याला किती वेळ लागला ते कळतं. उशिरा उठणाऱ्यांवर त्यात अन्याय होत नाही. पहिला तारा मिळवून जेवायला गेलेल्यांवर होतो, म्हणून हा आकडा गमतीपुरताच.

प्रश्न : आयसीपीसी या महाविद्यालयीन संघांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या तयारीला याचा उपयोग होतो का? — सांगली

थोडा. आयसीपीसीत तिघांना मिळून एकच संगणक, पाच तास, आणि सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला २० मिनिटांचा दंड. तिथे प्रोग्रॅम लपवलेल्या अनेक चाचण्यांवर चालतो. इथे तो तुमच्या एका फाईलवर चालला की पुरे. त्यामुळे इथे फाईल उघडून तिच्यातली खास रचना शोधणं हेच कौशल्य ठरतं. २०२३च्या आठव्या दिवशी लसावि काढून उत्तर येतं, ते फाईल तशी रचलेली आहे म्हणून. प्रत्येक नकाशाला ती रीत लागू पडेलच असं नाही. आयसीपीसीत अशी खात्री धरून चालणार नाही. मजकूर शांतपणे वाचणं, नकाशावर वाट शोधणं आणि चुका हुडकणं यांचा सराव मात्र उत्तम होतो. डिसेंबरात संघातल्या तिघांनी एकाच संगणकावर बसून सोडवा.

प्रश्न : आमचा गट दरवर्षी सहाव्या-सातव्या दिवशी गळतो. काय करावं? — नागपूर

जुनं वर्ष घ्या आणि आठवड्याला एकच कोडं ठेवा. तारे कधीही मिळवता येतात, घड्याळ मागे लागत नाही. २०२० गळलेल्या गटासाठी चांगलं. त्याचा पहिला दिवस म्हणजे यादीतून २०२० बेरीज होणाऱ्या दोन आणि मग तीन संख्या शोधणं. २०१९ आत्ता घेऊ नका. तिथे दुसऱ्या दिवशी लिहिलेलं छोटं यंत्र पुढे पाचव्या, सातव्या, नवव्या अशा विषम दिवशी पुन्हा लागतं. एक दिवस चुकला की पुढचे अर्धे दिवस बंद.

कोडं आठवड्याच्या सुरुवातीला ठरवा आणि रविवारी तासभर भेटा. ज्याला एकही तारा मिळाला नाही त्यानेही यायचं, आणि बोलायला सुरुवात त्याच्यापासून करायची : कुठवर पोचला, कुठे अडला. ज्याला दोन्ही मिळाले तो शेवटी बोलेल. २५ दिवसांच्या वर्षांत शेवटच्या दिवसाचा दुसरा तारा आधीचे ४९ असल्याशिवाय मिळत नाही, म्हणून अर्धवट राहिलेल्या दिवसांची यादी गटात वर चिकटवून ठेवा. जोडीजोडीने एकेक दिवस वाटून घेतला तर मार्चपर्यंत ती संपते.